वॉकमन नीट होईपर्यंत

वॉकमनच्या आत एक रबरी पट्टा असतो, शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड. मोटार पट्ट्याला ओढते, पट्टा चाकाला ओढतो आणि टेप पुढे सरकते. अमृततात्यांच्या वॉकमनमधला पट्टा वितळून काळ्या काकवीसारखा झाला होता. बोट लावलं की बोटाला तार सुटे. तंटामुक्ती समितीच्या प्रत्येक सदस्याने बोट लावून खात्री करून घेतली, आणि मग ते बोट कुठं पुसावं यावर बैठक अडली.

साळुबाई भैरवनाथाच्या देवळाच्या पायरीवर बसून हे पाहत होती. तिला वॉकमन नको होता, गाडीवाट हवी होती. तिच्या रानात टोमॅटो पिकायला लागले होते आणि रानाकडे जाणारी वाट शेजारच्या कुंडलिकने द्राक्षबाग लावताना काट्या टाकून बंद केली होती. टेंपो आत येईना. क्रेट डोक्यावर घेऊन ओढ्याच्या कडेने सडकेला न्यायचे, तर नारायणगावच्या मार्केटात पोचेपर्यंत खालच्या थराचा रस्सा होई.

खरं तर या वाटेचा निकाल कधीच लागला होता. अमृततात्या सरपंच असताना त्यांनी याच देवळात, भरल्या गावासमोर तो दिला होता. आता तात्या नव्हते, पण ऐकणारे बहुतेकजण होते. समितीचे अध्यक्ष दादाभाऊ तर तेव्हा तात्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. परंतु मध्यंतरी दादाभाऊंची लेक कुंडलिकच्या घरात दिली गेली, आणि तेव्हापासून त्यांना जुनं फारसं आठवत नसे.

"माणसाच्या आठवणीवर समिती चालत न्हाई," ते साळुबाईला म्हणाले. "तवाची टेप हाय. ती वाजू दे, मग बघू."

टेप तात्यांच्या पत्नी कोंडाबाई यांच्या ट्रंकेत, ज्यात ती भरली त्या रेकॉर्डिंगवाल्या वॉकमनसकट सापडली. वर दादाभाऊंच्याच वळणदार अक्षरात 'वाटेचा निकाल' असं लिहिलेलं. त्यामुळे प्रकरण सोपं झालं, म्हणजे लांबलं.

साळुबाईने सुचवलं, की भावाकडे जुना टेपरेकॉर्डर आहे, त्यावर वाजवू. समितीचे सचिव सुदर्शन यांनी नकारार्थी मान हलवली. ज्या यंत्रात आवाज भरला, त्याच यंत्रातून तो बाहेर आला पाहिजे. दुसऱ्याचं यंत्र उद्या भलतंच काही बोललं, तर जबाबदार कोण?

मग दुरुस्तीसाठी कोटेशनं मागवणं आलं, आणि कोटेशनं तीनच असावी लागतात. आळेफाट्यावर वॉकमन दुरुस्त करणारा एकच माणूस उरला होता. म्हणून बाकीची दोन एका मिक्सरवाल्याकडून आणि एका ट्रकच्या गॅरेजातून आणली. गॅरेजवाल्याने वस्तू पाहिलेलीच नसल्यामुळे त्याचा दर सर्वांत कमी निघाला, आणि काम नियमाप्रमाणे त्याला मिळालं. ज्याला येतं त्यालाच का देत नाही, असं साळुबाईने विचारलं. काम येणं ही त्या माणसाची खासगी बाब आहे, असं सुदर्शन यांनी तिला समजावून सांगितलं.

गॅरेजवाल्याने डिझेल पंपाची एक रबरी रिंग ताणून बसवली, मोटारीमागे दिसला तो स्क्रू पिळला आणि वॉकमन ग्रीस लावून परत पाठवला. देवळाच्या भोंग्याला वायर जोडून चाचणी घेण्यात आली. मूळ पुराव्याला धक्का लागू नये म्हणून आधी तात्यांनी म्हटलेल्या भजनाची टेप लावली. भोंग्यातून खारीच्या पिल्लाने अभंग म्हणावा तसा आवाज आला. ओळख पटवण्यासाठी कोंडाबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी पदर सावरून शेवटपर्यंत ऐकलं.

"भजन ह्यांचंच हाय," त्या म्हणाल्या. "पण एवढी घाई त्यांनी जेवायला सुदिक केली न्हाई कदी."

'आवाज मयताचा, वेग अनोळखी,' अशी नोंद झाली.

स्क्रू उलटा फिरवावा, तर त्यासाठी पुन्हा कोटेशनं लागणार. तेव्हा सेल उतरले की टेप हळू फिरते, या अनुभवाचा आधार घेऊन सेल उतरवण्याचा ठराव झाला. वॉकमन चालू ठेवून समिती सेल उतरण्याची वाट पाहू लागली. चहा कुंडलिककडून येई. साळुबाईच्या टोमॅटोचा पहिला तोडा तोवर तिच्या गाईने खाल्ला. दुसऱ्या तोड्याला गाईनेही तोंड फिरवलं.

तात्यांचा खरा आवाज एकदा लागलाही होता, पण नेमका तेव्हा चहा आला. कप खाली ठेवून मंडळी परत बसेपर्यंत सेल आणखी उतरून तात्या रेड्यासारखे रेकायला लागले होते. नवे सेल घालून सगळं पहिल्यापासून सुरू झालं, आणि चहा बैठकीनंतर घ्यावा अशी दुरुस्ती ठरावात करण्यात आली. या खेपेला कोंडाबाई कान देऊन बसल्या होत्या. एका अभंगाच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. सुदर्शन यांनी झटकन टेप बदलली.

भोंग्यातून आधी माणसांची कुजबुज आली, एक खोकला आला आणि मग तात्या बोलले. अगदी तात्यांसारखेच.

"दादा, आता दाबतोस व्हय बटण? निकाल दिऊन झाला माझा. आन टेप कशाला पायजे? एवढी माणसं बसल्यात, ती काय बहिरी हायेत? तू ऐकलंस ना समदं? मग बंद कर ते."

खट् असा आवाज झाला. पुढे नुसती खरखर.

दुसरी बाजू लावली, ती कोरी निघाली. टेप पुण्याला तपासणीला पाठवावी का, असं सुदर्शन यांनी विचारून पाहिलं. तोवर साळुबाई पायरीवरून उठली, वॉकमनचं बटण दाबून तिने खरखर थांबवली आणि दादाभाऊंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मशीन वाजून झालं, भाऊ," ती म्हणाली. "आता तुमी वाजा."

तात्यांचा निकाल तेव्हा ऐकलेली निम्मी माणसं देवळात बसली होती. त्यातल्या प्रत्येकाला फरशीवर काहीतरी पाहण्यासारखं सापडलं. कुणाची पाण्याची मोटर कुंडलिकच्या विजेच्या डीपीवर होती, कुणाला त्याचा ट्रॅक्टर लागत असे. तुम्ही-आम्ही तिथं असतो तर एव्हाना उठून बोललो असतो, यात शंका नाही. आपली लेक काही कुंडलिकच्या घरात दिलेली नाही. फक्त एवढंच, की निकाल काय आहे हे कुणाला तरी सरळ विचारावं असं इतका वेळ आपल्याही मनात आलं नाही. वॉकमन नीट होतो का, तेच आपणही पाहत होतो.

दादाभाऊंनी एकवार खांबाला टेकून बसलेल्या व्याह्याकडे, कुंडलिककडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घसा साफ केला.

"वाट साळूची," ते म्हणाले. "टेंपो जाईल एवढी. कुंडलिकराव, काट्या उचला."