टिपणीसबाईंचे राक्षस

"पाठ ताठ! पाठ ताठ ठेव, मेल्या! असा पोक काढून चाललास तर कोण घाबरणार आहे तुला?"

आम्ही पेणला या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या दारातून हे वाक्य ऐकू आलं. भर दुपार होती. बायको म्हणाली, "समोरच्या बाई रिटायर्ड हेडमिस्ट्रेस आहेत. शिकवणी चालली असेल."

नळाला पाणी कधी येतं ते विचारायचंच होतं, म्हणून मी बेल वाजवली. दार उघडलं. पांढरी साडी, जाड चष्मा. बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने बसलो. समोर जुना, पोट सुटलेला टीव्ही होता. पडद्यावर काळंपांढरं चित्र, आणि त्यात एक प्रचंड पाल दोन पायांवर उभी राहून शहरातून चालली होती. शहर तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. पोक मात्र खरंच होतं.

"हा कोण?" मी कुजबुजलो.

"पालोबा. बसा, आता तो आगगाडी खाणार आहे."

पालोबाने आगगाडी खाल्ली. बाईंनी टाळी वाजवली. पाण्याची वेळ मला कळली नाही ती नाहीच.

मालती टिपणीसबाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवलं. पेणमधल्या चाळिशीच्या पुढच्या बायका अजूनही मोबाइलवर मेसेज पाठवण्याआधी अनुस्वार तपासतात, ते बाईंच्या धाकाने. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाच्या बायका भजनी मंडळाकडे वळतात, नाहीतर गुडघ्यांकडे. बाई राक्षसांकडे वळल्या. बाजारातली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा मालक कॅसेटी भंगारात काढायला निघाला होता. त्यातले सगळे राक्षस बाईंनी निवडून घेतले आणि रिक्षात घालून घरी आणले. सगळे परदेशी, सगळे जुने आणि सगळे खिशात पैसे नसलेल्या माणसांनी बनवलेले. काही हिंदीत बोलायचे. काही अशा भाषेत, जी अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणाला येत नसावी.

"अडत नाही," बाई म्हणायच्या. "राक्षसाला काय म्हणायचंय ते कळतं. माणसांना काय म्हणायचंय ते कळत नाही. ते काय, मराठीतही कळत नाही."

प्रत्येकाला त्यांनी घरचं नाव दिलं होतं. तळ्यातून निघणारा डबकेश्वर. मुंगीसारखी दिसणारी मुंगळाबाई. एक नुसताच गोळा होता, खोलीभर पसरत जायचा, तो पिठलं. आणि प्रत्येकाला गुण. पिठल्याला हस्ताक्षर सोडून सगळ्यात पूर्ण गुण होते.

आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. तिथला हरी एकदा बाईंकडे शाडूच्या मातीचा गोळा द्यायला आला आणि दारातच थबकला. डबकेश्वर नायिकेला उचलून नेत होता.

"बाई, ह्याचं फिनिशिंग नाय केलेलं," हरी म्हणाला. "मानेपाशी जोड दिसतोय बगा. आमी असा गणपती दिला तर गिऱ्हाइक परत पाटवील."

"जोड दिसतोय तेच तर चांगलं," बाई म्हणाल्या. "आत माणूस आहे रे. त्याला केवढं उकडत असेल! हल्लीच्या कॉम्प्युटरमधल्या राक्षसांना घाम तरी येतो का?"

हरीने क्षणभर विचार केला. "व्हय, ते हाय," म्हणाला आणि पिक्चर संपेपर्यंत उंबऱ्यातच उभा राहिला.

एकदा व्हीसीआर बिघडला. पेणमध्ये तो उघडण्याची कोणाची हिंमत होईना. रोह्याला एक दुरुस्तीवाला आहे असं कळल्यावर बाईंनी मला बरोबर घेतलं. एसटीत त्यांनी यंत्र टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या म्हातारीने "किती महिन्यांचं गो?" असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "याचं आता सगळं व्हायचं ते झालंय."

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं. आतून एक झुरळ बाहेर आलं.

"मावशी, आता ह्याला म्युझियमात द्या."

"मग मलाही दे तिथेच, एकाच गाडीत जाऊ," बाई म्हणाल्या. "आणि त्या झुरळाला मारू नकोस. काम मागायला आलं असेल बिचारं."

यंत्र चालू होईपर्यंत आम्ही बाईंच्या पुतणीकडे जेवायला गेलो. पुतणीच्या भिंतीवर भिंतीएवढाच टीव्ही होता. जावईबापूंनी अभिमानाने सांगितलं की जगातला कुठलाही सिनेमा इथे दिसतो. मग ते कुठला लावायचा ते शोधू लागले. हा नको, तो पाहिलेला, ह्याला तारे कमी आहेत. आमची जेवणं झाली, बडीशेप झाली, आणि जावईबापू हातात रिमोट धरून घोरू लागले.

"बघा," बाई माझ्या कानात म्हणाल्या, "मेनूकार्ड वाचूनच ढेकर दिला."

आमच्या सोसायटीला बाईंचं हे वेड सहन होण्यासारखं नव्हतं. सोसायटी सुशिक्षित आहे. म्हणजे दुपारी झोपते. चेअरमन गुप्तेसाहेब बाईंच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सरकारी नोकरीत त्यांचा जन्म पूल बांधण्यात गेला होता. उरलेलं आयुष्य ते सूचनाफलकावर बांधकाम करत होते. त्यांनी बैठक बोलावली आणि ठराव मांडला, "दुपारच्या वेळेत कोणत्याही सभासदाने डरकाळि फोडू नये."

बाई उभ्या राहिल्या. "ठरावाला माझा पाठिंबा आहे. फक्त 'डरकाळी'मधला 'ळी' ऱ्हस्व लिहिलाय, तो दीर्घ करा."

ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि राक्षसांच्या डरकाळ्या स्वतःच, पण हलक्या आवाजात, फोडायला सुरुवात केली. गुप्तेसाहेबांनी त्यावर नवा ठराव लिहायला घेतला होता, असं ऐकतो. तो मांडायची वेळ आली नाही. गुप्तेवहिनी अचानक गेल्या.

मग सोसायटीने आपलं कर्तव्य केलं. डबे गेले. पुरुष मंडळी आळीपाळीने जाऊन "आपल्या हातात काय असतं?" म्हणून आली. कोणीतरी प्रवचनांचा पेनड्राइव्ह दिला. मुलगा परदेशातून आला, दिवसकार्य केलं, हॉलमध्ये कॅमेरा बसवला आणि परत गेला. बाबा कसे आहेत ते त्याला आता तिथून दिसत होतं. बाबा एका खुर्चीत बसलेले होते. तेवढंच दिसत होतं. ते कोणाशी बोलत नव्हते. सूचनाफलक कोरा पडला.

एका शनिवारी जेवण उरकून मी आडवा होणार, तोच बाईंनी बेल वाजवली.

"टीव्ही उचलता येईल का तुम्हाला? वर न्यायचाय."

"कुठे वर?"

"गुप्त्यांकडे. त्यांच्या नव्या टीव्हीला माझं यंत्र जोडता येत नाही."

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. घरात दुःख, आणि ह्या डबकेश्वर घेऊन निघाल्या. पण हेडमिस्ट्रेसला नाही म्हणायची शक्ती माझ्यात नाही. मी टीव्ही पोटाशी धरून जिना चढलो. मागून बाई यंत्र घेऊन.

गुप्तेसाहेबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं चुकलेली. बाईंनी "कसे आहात?" विचारलं नाही, सांत्वन केलं नाही. "बाजूला व्हा" म्हणून आत शिरल्या, वायरी जोडल्या, कॅसेट घातली आणि खुर्ची ओढून बसल्या. साहेब आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी दाराशी उभा.

पडद्यावर एक अगडबंब खेकडा समुद्रातून वर आला. गावातले लोक पळाले. खेकड्याने एका पुलावर नांगी मारली. पूल मधोमध मोडून पाण्यात पडला.

"असा नाही पडत," गुप्तेसाहेब म्हणाले.

आवाज इतका घोगरा होता की तो पडद्यावरून आला असं मला वाटलं. बाईंनी चित्र थांबवलं.

"मग कसा पडतो?"

"आधी खांब कलतो. खालची माती वाहून जाते ना, ती वरून दिसत नाही. वरून सगळं ठीक दिसतं. गाड्या चालू असतात." साहेबांनी हातांनी हवेत एक पूल धरला आणि तो हळूहळू एका बाजूला झुकवला. "मग एक दिवस..."

हात तसेच राहिले.

"हिला मी प्रत्येक पूल दाखवायला न्यायचो. ही गाडीतून उतरायचीच नाही. म्हणायची, तुमचा पूल इथूनही दिसतो. तुम्ही या जाऊन, मी बसते."

आणि कॅमेऱ्यासमोरचा तो ताठ माणूस ढसाढसा रडू लागला. मी पुढे होणार होतो. बाईंनी हाताने मला जागच्या जागी थांबवलं. स्वतः मान न वळवता त्या थांबलेल्या खेकड्याकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने साहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं. बाईंनी बटण दाबलं. खेकडा पुढच्या गावाला निघाला.

उतरताना यंत्र आणि टीव्ही बाईंनी तिथेच ठेवले. जिन्यात मी म्हणालो, "बाई, आम्ही सगळे रोज जात होतो त्यांच्याकडे. एक शब्द बोलले नाहीत."

"कधी जात होतात?"

"सकाळी. संध्याकाळीही."

"सगळे तेव्हाच जातात," बाई म्हणाल्या. कठड्याला धरून त्या थांबल्या. "हे गेले तेव्हा माझ्याकडेही लोक यायचे. दुपारी जेवणं झाली की सगळी दारं बंद. घरात आपण एकट्या आहोत हे मला दुपारीच कळलं. काही दिवस भिंतीशी बोलून पाहिलं. मग म्हटलं, निदान उलट डरकाळी फोडेल असं कोणीतरी हवं."

एवढं बोलून त्या उरलेल्या पायऱ्या उतरल्या. दार लोटून आत गेल्या. त्या दुपारी समोरच्या घरातून कसलाही आवाज आला नाही.

रविवारी दुपारी मी पेपर वाचत होतो. वरच्या मजल्यावरून जिन्यात हाक आली, "बाई! अहो बाई, हे तुमचं यंत्र चालू कसं करायचं? कुठलं बटण?"

बाई दारात आल्या. मी म्हणालो, "तुम्ही बसा, मी जाऊन दाखवतो."

"काही नको," बाई म्हणाल्या. "इंजिनिअर आहेत ते. बटण त्यांना ठाऊक आहे."

त्यांनी पदर नीट केला, दाराला कडी घातली आणि जिना चढू लागल्या.