तीन टाळ्यांचा आजा

नातवंडाला शाळेतून नेण्याचा अधिकार कोणास असावा, याबाबत वेस्ट मांबलम या तमिळ वस्तीतील आमच्या शाळेत काहीच धोरण नव्हते. कोणीही आजा यायचा, पोर ‘आजा’ म्हणून धावायची आणि प्रकरण तिथेच मिटायचे. ही ढिलाई मला बघवेना. पालकसभेत मी उठलो. निवृत्त हेडक्लार्क गप्प बसत नसतो.

माझा ठराव साधा होता: नेणाऱ्याने आपले नाते इंग्रजीत, शब्द फोडून, दर तुकड्याला एक टाळी देत शुद्ध उच्चारावे, मगच पोर नेण्याचे कार्ड. आईला ‘म-दर’, दोन टाळ्या. मला ‘ग्रँड-फा-दर’, तीन. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्या कोणी मोजल्या नाहीत.

मला काळजी नव्हती. साडेतीनला नात जननीला घ्यायचे आणि तिला मांडीवर घेऊन चारच्या हरिकथेला मठात बसायचे, हा माझा नेम. चाळीस वर्षे हातावर ताल धरून कथा ऐकतोय.

“अहो, तीनच वाजवा,” परीक्षेला निघताना बायको सरोजा म्हणाली. “तिकडं कथा सांगायला भागवतर बसलेले नाहीत.”

“ताल मला शिकवू नकोस.”

परीक्षेत तीन टाळ्या सुरेख पडल्या. पण आदिताल आठ मात्रांचा. तीनवर सोडायचा म्हणजे देवाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचे. डोळे आपोआप मिटले, उरलेल्या पाच मात्रा पुऱ्या झाल्या, आणि हात रंगात आला म्हणून आणखी एक आवर्तन घेतले.

“सर,” परीक्षा घेणाऱ्या कमलिनी मिस हळूच म्हणाल्या, “एवढं लांब नातं आमच्या यादीत नाही.”

दारात शाळेच्या व्हॅनवरची मदतनीस वसंता उभी होती. “असं म्हणायचं, ताता,” अशी मला आजाची तमिळ हाक मारत तिने सहज करून दाखवले. निर्दोष. नियमानुसार आजाचे कार्ड तिला देण्यात आले. वय अठ्ठावीस. नियमात वयाचा किंवा मिशांचा उल्लेख नव्हता, मसुदा माझाच.

मी अपील केले. अपील समितीवर मी एकटाच आहे. कागदपत्रे तपासून मी ते फेटाळले.

आता जननी व्हॅनने जाते. काल खिडकीतून म्हणाली, “आजा, तू पण कार्ड काढ की.”

“काढतो, बाळ.”

मठात माझी मांडी रिकामी असते.

फेरपरीक्षा सोमवारी आहे. तुम्ही हसा खुशाल. पण मघाशी वाचताना तुमचेही बोट हलले, तीन भरतात का ते पाहायला. तेव्हा वेळेवर या. रांग माझ्या मागे लागते.