चार पानांचा नमस्कार

"अक्षर मोत्यासारखं, म्हणून दिलं. आत काय लिहिलंय ते कोण बघत बसतं?" असं म्हणून यजमान पुन्हा वर्तमानपत्रात शिरले, आणि सूनबाईंच्या हातातली सुरी थांबली.

मराठी भाषा दिन होता. ग्रंथालयात जुन्या पत्रांचं प्रदर्शन भरलं होतं आणि यजमानांनी परस्पर दिलेलं एक पत्र तिथल्या काचेच्या पेटीत पोचलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्यावर सूनबाईंनी नवऱ्याला लिहिलेलं. चार पानं, आणि चारही पानांत सासूबाईंचा उद्धार. 'तुमच्या मातोश्रींच्या तोंडाचा पट्टा पहाटे सुटतो, तो झोपेतही थांबत नाही. दुधाच्या पातेल्यावर त्यांचा पहारा असा, की मांजरानेही घर सोडलं.' तेव्हा वय बावीस होतं आणि लेखणीला धार होती. आता त्या अडुसष्टाच्या झाल्या, तरी घरात सूनबाईच. कारण नव्वदीतल्या सासूबाई अजून खणखणीत होत्या. इतक्या, की ग्रंथालयाच्या सर्वांत वयस्कर वाचक म्हणून अकरा वाजता फीत त्याच कापणार होत्या.

दहालाच सूनबाईंनी ग्रंथालय गाठलं. किल्ली अध्यक्षांकडे होती आणि अध्यक्ष सासूबाईंना आणायला गेले होते. सूनबाईंनी काचेवर पर्स ठेवली. ग्रंथपालबाईंनी ती अदबीने उचलून दिली. शाल पसरली, तर तिचीही घडी करून हातात दिली. शेवटी त्या पेटीला पाठ लावून उभ्याच राहिल्या. ग्रंथपालबाईंना गहिवरून आलं. इतका जिव्हाळा त्यांनी पाहिला नव्हता. हे पत्र स्वतः लेखिकाच वाचून दाखवतील, असं त्यांनी माइकवरून जाहीर करून टाकलं.

सासूबाई आल्या, फीत कापली आणि पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्षांनी पेटी उघडून कागद हातात दिले. आता पळावं तर दारात गर्दी. सूनबाईंनी घसा साफ केला.

"तुमच्या मातोश्रींचा आवाज पहाटे कानी पडला, की घर जागं होतं. दुधाच्या पातेल्यापाशी त्यांची माया अशी, की मांजरही घर सोडून जात नाही."

चारही पानं अशीच निभावली. टाळ्या पडल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. आपल्याला पत्र वेगळंच आठवतंय, असं यजमान म्हणायला लागले होते. सूनबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

मग ग्रंथपालबाईंनी सासूबाईंना विचारलं, की तुम्ही चव्वेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलात, ती कशामुळे?

"सुनेचं पत्र आलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा वाचून खो खो हसला. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणे, तुला नमस्कार सांगितलाय. चार पानं भरून नमस्कार कोण सांगतं? आणि दुसऱ्या कुणाला वाचायला सांगायची सोय नव्हती. म्हणून शेजारणीकडे पाटी घेऊन बसले."

सभागृह हसलं. सूनबाईंनी पत्र पदराआड केलं.

"मग वाचलंत?"

"वाचलं की. वर्ष लागलं. पुढे वाचायची चटकच लागली."

परतताना गाडीत सूनबाईंनीच चाचरत विचारलं, "आई, राग नाही आला?"

"आला तर. पण अख्खं वर्ष खपून वाचलं होतं, फाडवेना. आणि काय गं तुझी भाषा! एवढी पुस्तकं वाचली, पण तशी लिहिणारी पुन्हा भेटली नाही. आजचं मात्र अगदीच मिळमिळीत झालं. नवीन लिही. शेहेचाळीस वर्षांचं साठलं असेल."

दुपारी सूनबाई कागद घेऊन बसल्या. 'तीर्थरूप सासूबाईंस' एवढं लिहून झालं आणि लेखणी अडली. सभागृहात ताठ बसलेली म्हातारी डोळ्यांपुढून हलेना. पाटी घेऊन शेजारी गेलेली सासू त्यांनी कधी पाहिली नव्हती. तीही आता दिसायला लागली. तक्रार म्हणून एक सुचेना.

"किती पानं झाली गं?" बाहेरून आवाज आला.

मग, उजेडात बसलीस ना? मग, कागद वाया घालवू नकोस. मग, समास सोडलास का?

सूनबाईंनी पदर खोचला. लेखणी सुरू झाली, ती पाचव्या पानावर गेली.