शालनआक्काची तिसरी बंदूक

शालनआक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते कुवेतमधल्या फहाहीलच्या भाजीबाजारात, आणि तेव्हा तिने एक पडवळ खांद्याला लावलेलं होतं. देठाकडचं टोक उजव्या खांद्याच्या खळगीत, गाल पडवळावर, डावा हात पुढे, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. मग तिने डोळे उघडले. समोर टोमॅटोच्या ढिगामागे बसलेला बंगाली भाजीवाला सवयीने खाली वाकला.

"आखूड पडतंय," आक्का स्वतःशीच म्हणाली आणि दुसरं पडवळ उचललं.

परमुलखात मराठी कानावर पडल्यावर कोणीही धावत जाईल, पण मी दोन पावलं मागे सरले. लग्न होऊन सांगलीहून कुवेतला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. नवरा तेलाच्या कंपनीत, आठवडाच्या आठवडा वाळवंटातल्या कॅम्पवर. जाताना त्याने बजावलं होतं, अनोळखी माणसांशी जपून. पडवळाने नेम धरणारी बाई त्यात नक्की बसत होती. पण त्याच संध्याकाळी ती बाई माझ्या समोरच्या फ्लॅटचं कुलूप काढताना दिसली आणि मला बघून म्हणाली, "तूच न्हवं का मघाशी भाजीत पळालीस ती? ये, चहा घे. भरलेली न्हाई मी."

तिचं नाव शालन चव्हाण. गाव कागलच्या बाजूचं. एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची, हात एखाद्या पैलवानासारखे मोठे. लग्न केलेलं नव्हतं. मी तिला "तुम्ही" म्हणाले तर तिने कप खाली ठेवला. "तुम्ही-बिम्ही पेशंट म्हणत्यात मला. तू आक्का म्हण आणि सरळ बोल."

तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे. गुरुवारी दुपारी आक्का इस्त्रीची सलवार-कमीज घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून शहराबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात जाई. एकटी मी घरात बसून काय करणार म्हणून तिने मलाही न्यायला सुरुवात केली. मी तिथल्या मागच्या बाकावर बसून मेथी निवडत असे. पुढे फाट-फाट आवाज, मागे मी आणि माझी मेथी. पहिल्या दिवशी दर आवाजाला एक जुडी खाली पडत होती. पुढे पुढे सवय झाली.

आक्काचा बेत असा होता की स्वतःच्या बंदुका घ्यायच्या, आणि त्या तीनच घ्यायच्या. छर्ऱ्याच्याच, नेमबाजीच्या, आमच्यासारख्या परदेशी माणसांनी त्या घरी न्यायच्या नाहीत, क्लबच्या कुलुपातच ठेवायच्या, असा नियम होता. त्याला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त मापाला.

"हे बघ," ती मला समजावायची, "डॉक्टरचा हात साडेसहाचा आणि मी त्येला साडेसातचा ग्लोव्ह दिला, तर गाठ बसंल का? माणूस हुशार असून उपयोग न्हाई. हत्यार हाताला बसाय पाहिजे. लोक बंदूक घेत्यात ती शोभंल अशी. शोभायला काय, ती नथ हाय?"

"पण तीनच का?"

"एक खांद्याची, एक हाताची आणि एक मनाची. त्येच्या वर गेलं की ती हौस न्हाई, दुकान झालं."

क्लबातले एक श्रीमंत गृहस्थ होते, त्यांच्याकडे कपाट भरून बंदुका होत्या. आक्का त्यांच्याकडे बघून हळहळायची. "सगळ्या उसन्या वाटत्यात बिचाऱ्याच्या अंगावर."

तिची परीक्षा ठरलेली. बंदूक हातात घ्यायची, डोळे मिटायचे, खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. उघडल्या क्षणी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, डोळ्याजवळच्या खाचेत मधोमध दिसली तर ठीक. मान तिरकी करावी लागली, खांदा उचलावा लागला, गाल शोधावा लागला, की निकाल: "बसत न्हाई."

या दोन शब्दांनी क्लबच्या प्रशिक्षकाला फार छळलं. उस्ताद फौझी हा इजिप्तचा गोलमटोल माणूस, मिशा वर वळवलेल्या, आणि हिंदी कामापुरतं. आक्का त्याला हिंदीत सांगायची, "उस्ताद, ये मेरे को बसता नहीं." आता अरबीत 'बस' म्हणजे पुरे. फौझीला एवढंच ऐकू यायचं. मदामचं आज पुरे झालं असं समजून तो अदबीने तिच्या हातातली बंदूक काढून घ्यायचा आणि कुलुपात ठेवून द्यायचा. आक्का म्हणायची, "अरे, दुसरी लाव!" तो म्हणायचा, "बस, मदाम?" ती म्हणायची, "बसता नहीं!" तो पुन्हा कपाटाला कुलूप घालायचा. असे कित्येक गुरुवार गेले. शेवटी मीच मेथी बाजूला ठेवून दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि हाताने मापं दाखवून सांगितलं. त्या दिवसापासून फौझी मला "मदाम मेथी" म्हणायला लागला.

पहिली रायफल मिळायला वर्ष गेलं. अडचण अशी की बाई म्हटल्यावर जो तो तिला लहान बंदूक दाखवायचा, आणि आक्काचे हात तर चांगले लांब. ती प्रत्येकाला ठणकावायची, "बाई हाय हे खरं, पण केवढी बाई हाय ते बघा की!" अखेर क्लबच्याच एका जुन्या सभासदाची, खांद्याला टेकायचा दस्ता मागेपुढे करता येणारी रायफल तिने उचलली, डोळे मिटले, उघडले, आणि रायफल खांद्यावरून खालीच घेईना. फौझी घाबरून म्हणाला, "बस?" आक्का म्हणाली, "बसली." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने तिच्याशी हात मिळवला.

दुसरी बंदूक म्हणजे पिस्तूल. त्यासाठी आम्ही शुवैखच्या एका शिकारी सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने काचेच्या कपाटातून मुठीवर सोनेरी वेलबुट्टी असलेलं पिस्तूल काढून मखमलीवर ठेवलं. आक्काने ते हातात न घेता विचारलं, "ह्येच्यावर हळदीकुंकू वाहायचं हाय काय?" मग साधी, काळी, बिनवेलबुट्टीची एकामागून एक हातात धरून, डोळे मिटून, हात लांब करून ती दुकानभर माप घेत राहिली. डोळे मिटलेली एवढी मोठी बाई आणि तिच्या हातात पिस्तूल. गिऱ्हाइकं भिंतीला लागली. पिस्तुलं रिकामी होती, पण ते त्यांना कुठे माहीत? विक्रेत्याने शेवटी हात जोडावेत तशी मान हलवली आणि आतून एक जड, जुनाट नमुना आणला. तो आक्काच्या मुठीत असा बसला की जणू हातातूनच उगवलाय.

घरी येताना टॅक्सीत ती खुशीत होती. मी विचारलं, "हे वेड लागलं कधी गं तुला?"

"अप्पांची एक बंदूक हुती," ती म्हणाली. "उसात डुकरं येत्यात म्हणून परवान्याची. मी चौदाची असताना हट्ट करून उडवली. खांदा काळानिळा. अप्पा म्हणालं, पोरींचं काम न्हाई ह्ये, आणि दिली धाकट्याला." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "अगं, दस्ता केवढा लांब हुता तो! माझं काम नव्हतं असं न्हाई. ती बंदूक माझी नव्हती, एवढंच. पण ह्ये कळायला मला सिस्टर व्हावं लागलं."

आता राहिली तिसरी. ही गंमत काही केल्या संपेना. फौझी नवं काहीही आलं की आक्कापुढे ठेवायचा. हलकी, जड, लाकडी दस्त्याची, काळ्या धातूची. आक्का उचलायची, डोळे मिटायची, उघडायची. "बसत न्हाई." कधी कधी तर मला वाटायचं, उत्तम बसलीय. माशी खाचेत आहे, मान सरळ आहे. तरी नाहीच. दोन वर्षं क्लबातल्या तिच्या कपाटाचा तिसरा कप्पा रिकामा होता आणि फौझीच्या मिशा खाली यायला लागल्या होत्या.

मग एका गुरुवारी त्याने एक रायफल आणली. कोणाच्या तरी मुलीची होती, मुलगी शिकायला परदेशी निघाली म्हणून विकायला काढलेली. आखूड, हलकी, दस्ता गुळगुळीत. आक्काने ती खांद्याला लावली तेव्हा तिचं नाक जवळजवळ अंगठ्याला टेकलं. मी मनाशी "बसत न्हाई" म्हणूनही टाकलं.

"ही घेते," आक्का म्हणाली.

फौझीने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"आक्का, अगं, ही लहान आहे तुला."

"मला कुठं बसवायची हाय?" ती सरळ माझ्या बाकापाशी आली. "ऊठ. मेथी ठेव खाली. डोळं मीट."

मी घाबरून मिटले. रिकामी रायफल माझ्या हातात आली, तिने माझं कोपर थोडं वर केलं, दस्ता खांद्याला लावला. "उघड."

उघडले. समोर बारीक काळी माशी, खाचेच्या बरोबर मध्ये. मी काहीच केलं नव्हतं. मान वळवली नव्हती, गाल शोधला नव्हता.

"बघ," आक्का म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे एवढा मऊ होता. "तुझ्या मापाची हाय."

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मी रायफल तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "नको गं. मला हे असलं जमायचं नाही. मी आपली तुझ्या सोबतीला येते, तेवढं पुरे."

 आक्काने ती फौझीकडून तिसऱ्या कप्प्यात ठेवून घेतली आणि नेहमीसारखा सराव केला.  पुढच्या गुरुवारी तिने माझी बेल वाजवली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. दाराच्या भोकातून मी बघितलं, तर अंबाडा बांधून ती एकटीच जिना उतरत होती.

त्या शुक्रवारी मी तिच्याकडे भरली वांगी घेऊन गेले. आक्का जेवायला बसलेली होती. ताट पुढे, आणि भाकरी मोडून तशीच ठेवलेली.

"रागावलीस?" मी विचारलं.

"न्हाई. राग कशाला?" तिने मला बसायला खूण केली. "तू भ्यालीस. भिणाऱ्याला मी रोज टेबलावर बघते, त्येच्यावर रागावत न्हाई मी."

"मग बेल का नाही वाजवलीस?"

तिने मोडलेली भाकरी ताटात बाजूला सारली. मग म्हणाली, "वैशाली, सगळी उमर मी डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिली. त्यांनी हात पुढं करायचा, मी त्यात हत्यार ठेवायचं. ऑपरेशन झालं की ते जात्यात, मी हत्यारं मोजत मागं राहते. वाईट न्हाई काम. पण माझ्या शेजारी कधी कोण उभं राहिलं न्हाई गं. क्लबात पण बघ, मी उडवते, नेम लागतो, फौझी म्हणतो शाबास. त्यो सगळ्यास्नीच म्हणतो." ती हसली. "मागच्या बाकावर माणूस असणं येगळं आणि शेजारच्या रांगेत असणं येगळं. म्हणून तिसरी तुझ्या मापाची बघत हुते. तू सोबतीला म्हणालीस ना, मला वाटलं, पोरीला मी उगाच धरून बांधून आणत हुते. म्हणून न्हाई वाजवली."

 दोन वर्षं ती "बसत न्हाई" म्हणत होती ते स्वतःच्या नव्हे, माझ्या मापासाठी, आणि मी मेथी निवडत होते.

"किती वाजता निघायचं पुढच्या गुरुवारी?" मी विचारलं.

"भीती गेली?"

"नाही गेली."

"मग चालंल," आक्का म्हणाली आणि भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवला.

नवरा कॅम्पवरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं की मी नेमबाजी शिकणार आहे. तो जरा विचारात पडला. "बंदूक घरात राहणार?"

"नाही, क्लबच्या कुलुपात."

"किती लांब आहे क्लब?"

"टॅक्सीने पाऊण तास."

"मग शीक," तो म्हणाला, आणि तरीही त्या दिवशी भांडी त्यानेच घासली.

गुरुवारी फौझीने मला मेथीशिवाय बघितलं आणि मिशांना पीळ दिला. आक्काने मला शेजारच्या रांगेत उभं केलं. पाय किती लांब, कोपर कुठे, श्वास कधी सोडायचा, बोट चापावर कधी ठेवायचं आणि कधी अजिबात ठेवायचं नाही, सगळं थिएटरमधल्या सुरात, एकदाच सांगितलं. मग आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मी चाप ओढला. समोरचं कार्ड कोरंच्या कोरं राहिलं. छर्रा गेला कुठे ते फौझीलाही सांगता येईना.

"लागली?" आक्काने मान न वळवता विचारलं.

"नाही."

"बरं. भर परत."

 छर्रा चिमटीतून निसटून खाली पडला, दुसरा घेतला, तो उलटा बसला, पुन्हा काढला. एवढा वेळ शेजारून एकही आवाज कसा आला नाही म्हणून मी बघितलं. आक्काची रायफल खांद्याला होती, गाल दस्त्यावर होता, नजर समोर होती. फक्त बोट चापावर नव्हतं. माझं भरून होईपर्यंत ती तशीच थांबली होती.