सलीमभाईंचं ‘कशापायी?’

आमच्या ऑफिसात सलीमभाईंना कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही. एका नव्या मुलीने एकदा म्हटलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “बराबर हय. पन कशापायी?” बिचारी पुढे दोन दिवस त्यांची नजर चुकवून जागेवर बसत होती.

जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बियाण्यांच्या दुकानांसाठी बिलाचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सलीमभाई पूर्वी टायपिंग शिकवायचे. आता ते आमचे टेस्टर, म्हणजे आमच्या कामातल्या चुका काढणारे. पगार नसता तरी हे काम त्यांनी आनंदाने केलं असतं.

आमचे मालक गजानन सर पुण्याला प्रशिक्षणाला गेल्ते. आले ते नवी पद्धत घेऊनच. रोज सकाळी उभ्याने मीटिंग, भिंतीवर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या, दर पंधरा दिवसांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती.

“कशापायी?” सलीमभाईंनी विचारलं.

“सगळं जग करून राह्यलंय, भाई.”

“जग केदारखेड्यात बियानं इकतं का?”

मग सरांनी कंपनीचं ध्येय सांगितलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक बियाण्याच्या दुकानात आपलं सॉफ्टवेअर पोचलं पाहिजे! सलीमभाई उठले, भिंतीपाशी गेले आणि एकेका चिठ्ठीला विचारू लागले, “तू दुकानदाराला जवळ आन्ती का पळवून लावती?” गुलाबी चिठ्ठ्या झाडून सगळ्या नापास झाल्या. उभ्याची मीटिंग मात्र त्यांनी पास केली. अट एकच, पहिला प्रश्न ‘काल कोणाचं दुकान अडलं?’ हाच पाहिजे.

पंधरा दिवसांच्या वेळापत्रकावरून मात्र जुंपली. नव्या आवृत्तीची तारीख नेमकी ऐन पेरणीत आली आणि सलीमभाईंनी टेस्टरची मंजुरीची सही द्यायला साफ नकार दिला.

“पेरनी चालू असताना तिफन खोलून बसतं का कोनी?”

“पद्धत म्हणजे पद्धत,” सर म्हणाले आणि सहीशिवाय आवृत्ती सोडून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनच फोन. केदारखेड्याच्या अण्णांच्या दुकानात स्क्रीनवर नुसती चकती गरागरा फिरत होती आणि समोर कपाशीच्या बियाण्यासाठी ही झुंबड. सलीमभाईंनी पावतीपुस्तकं पिशवीत कोंबली, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. मी जुनी आवृत्ती परत बसवेपर्यंत त्यांनी हाताने बिलं फाडली. खरं सांगायचं तर आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा जल्दी.

संध्याकाळी सर खाली मान घालून म्हणाले, “भाई, तुमचं बराबर होतं.” त्या दिवसापासून पेरणीच्या मोसमात नवी आवृत्ती बंद. मोसमाआधी प्रत्येकाने एक दिवस दुकानाच्या काउंटरवर बसायचं, हाही नियम झाला. हळूहळू दुकानं वाढत गेली. उरलेल्या गुलाबी चिठ्ठ्यांवर सलीमभाई किराण्याची यादी लिहू लागले.

यंदा मात्र एक विचित्र प्रकार सुरू झाला. दर शुक्रवारी आमच्या तक्रारींच्या यादीत केदारखेड्याची नोंद: ‘प्रिंटर अडकतो.’ दर रविवारी सलीमभाई जाऊन दुरुस्त करून येत, शुक्रवारी तो पुन्हा अडकलेला. सर वैतागले. मला म्हणाले, “तू जाऊन एकदाचा निकाल लाव.”

रविवारी मी न सांगताच गेलो. प्रिंटर झकास चालत होता.

“कशाची तक्रार?” अण्णा म्हणाले. “आमचं काईच अडलं न्हाई. भाईच लिव्हतेत ते. बायको गेली, पोरं पुन्यात. रविवारचं घर खायला उठतं म्हने.”

दुकानामागेच अण्णांचं घर. उघड्या दारातून सलीमभाई दिसले. मांडी घालून जेवायला बसले होते. अण्णांच्या मंडळी भाकरी घेऊन आल्या, तसे ते “बस, बस” म्हणत ताट पुढे करत होते. त्यांना एवढं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो.

सोमवारी सरांनी विचारलं, “लागला का निकाल प्रिंटरचा?”

“न्हाई सर,” मी म्हणालो. “जुनं दुखणं आहे. दर रविवारी भाईंनाच जावं लागंल.”