रस्ता मोजणारे केरबा गुरुजी

केरबा गुरुजींनी अहमदपूर रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडाला नापास केलं होतं. दगडावरच्या आकड्यावर लाल खडूची भलीमोठी फुली, खाली ‘चूक. पुन्हा सोडवा’ आणि त्याखाली सही. आमची एसटी नेमकी त्या दगडापाशी पंक्चर झाली म्हणून मला हे वाचायला मिळालं. सही ओळखीची होती. आमच्या शाळेतली निम्मी पोरं ती सही बघूनच रडायची.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आमच्या हजेरीपत्रकावरचं जिल्ह्याचं नाव बदललं. रस्त्यावरच्या दगडांना मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. ते आपले अजून उस्मानाबादचंच अंतर सांगत उभे. ज्यांना नवा रंग मिळाला, त्यांच्यावरचे आकडे कुणीतरी पंख्याखाली बसून टाकलेले. आता ह्याचा सामान्य माणसाला काय त्रास? मी मास्तर म्हणून जळकोटच्या शाळेत आल्यापासून एक दगड वाचला नव्हता आणि माझं काही अडलं नव्हतं. पण केरबा गुरुजी गणित शिकवायचे. चुकीचं उत्तर भर रस्त्यात उघड्यावर उभं आहे, हे त्यांना सहन होत नसे.

“जिल्हा नवा करून राहिले अन् अंतर जुनंच! माणसानं जायाचं कुठं मग? ह्याला काय अर्थ हाय?”

हे वाक्य ते दिवसातून वीसेक वेळा म्हणत. रस्त्यात कुणी “जयभीम गुरुजी” केलं की “जयभीम” म्हणायचे आणि लगेच त्या माणसाला समोरचा खड्डा दाखवायचे. खड्डा जणू त्यानंच खणला होता.

दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गुरुजी सायकलवर निघत. ह्याला ते दौरा म्हणत. “फिरायला चाललात का?” असं कुणी विचारलं तर रागावत. सायकल काळी, उंच, भक्कम. दांड्याला हवा भरायचा पंप, हँडलला पाण्याची कापडी छागल, कॅरिअरला भाकरीचं फडकं. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधलेली. चिंधी एकदा वर आली की चाकाचा एक फेरा. असे शंभर फेरे झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. घरी आल्यावर उजव्या खिशातले चिंचोके मोजायचे, गुणाकार करायचा, वहीत लिहायचं. माणूस सायकलवर बसून तोंडानं आकडे पुटपुटतोय, मधेच खिशात हात घालतोय, हे बघून पहिल्या वर्षी लोकांना वाटलं की गुरुजींवर कुणीतरी काहीतरी केलंय.

किनवटच्या जंगलातले रस्ते त्यांनी असे मोजले. उदगीर, देगलूर, निलंगा, सगळं मोजून झालं. आपण मोजलेलं अंतर ते पत्रानं बांधकाम खात्याला कळवत. खात्यानं एकदाही उत्तर दिलं नाही. पोचसुद्धा नाही! मला सायकलीचं काडीचं प्रेम नाही, पण इतकी पत्रं पचवून ढेकर न देणाऱ्या त्या खात्याचा मलाही संताप यायला लागला होता.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला. फेब्रुवारीतच बोअर गुरगुरायला लागले. एका रविवारी गुरुजींनी मला धरलं. म्हणाले, “मास्तर, चला धर्माबादला. मिरचीचा बाजार बघू. रस्ता लई शांत हाय.” मी मूर्खासारखा हो म्हणालो.

आता धर्माबाद जळकोटच्या पूर्वेला आहे. हे मी मराठीचा मास्तर असूनही मला माहीत होतं. गुरुजींनी सायकल काढली ती सरळ पश्चिमेला. दोन तास उन्हातान्हात पायडल मारून आम्ही एका उघड्या माळावर आलो. तिथं वीस-पंचवीस घरं होती. त्या वस्तीला माळवस्ती म्हणत. गुरुजी वस्तीबाहेरच्या लिंबाखाली उतरले, छागलीतून दोन घोट प्यायले आणि वस्तीकडे बघत उभे राहिले.

“गुरुजी, धर्माबाद ह्या बाजूला कधीपासून गेलं?”

“थोडा फेर पडतो,” ते म्हणाले.

थोडा! मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात वस्तीच्या विहिरीवरून बायका पाणी घेऊन आल्या. सगळ्यात मागं एक म्हातारी होती. डोक्यावर घागर, काखेत कळशी. लिंबापाशी आल्यावर तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून पुढं गेली. गुरुजी सायकलच्या घंटीची कळ उगाच पुसत बसले.

“कोण हो ती?”

“कुणी न्हाई. चला.”

मग कळलं की किनवटचा दौरा असो की निलंग्याचा, तो माळवस्तीवरून जायचाच. हे मला गुरुजींच्या बायकोनं सांगितलं. धर्माबाद न बघता आम्ही परत आलो, तेव्हा वहिनी मला पाणी देता देता म्हणाल्या, “सोनाक्का हाय ती. ह्यांची सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच ह्यांना कडेवर वागवलं. आमची पोरगी तिच्या पोराला द्यायची, असं पाळण्यातच ठरलं होतं. हे म्हणले, पोरगी शिकंल. नांदेडला नर्सिंगला धाडली. तवापासून अक्का बोलत न्हाई. नऊ वर्षं झाली. हे दर रविवारी जातात, लिंबाखाली उभे ऱ्हातात, अन् येतात.”

“आत का जात नाहीत?”

“ती बोलवंना, अन् हे बिनबोलावता जाईनात. दोघं एकाच आईची.”

मला दोघांचाही राग आला. दुष्काळात माणसं पाण्याला महाग झालीत आणि हे दोघे शब्दाला महाग!

मार्चअखेर वस्तीची विहीर आटली. टँकर मागितला तर वरून उत्तर आलं की पाण्याचा उद्भव दीड किलोमीटरच्या आत असल्याने टँकर देय नाही. हा उद्भव म्हणजे ओढ्यापलीकडची एक विहीर. कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून ते अंतर काढलं होतं. पट्टी ओढ्यावरून सरळ गेली. बाईमाणूस डोक्यावर घागर घेऊन ओढ्याच्या उभ्या दरडीवरून सरळ जात नाही. ती वळसा घालून जाते. साठी उलटलेली सोनाक्काही तशीच जायची, दिवसाला चार खेपा.

गुरुजींनी ते पत्र वाचलं आणि त्या दिवशी सातवीच्या वर्गाला विनाकारण मार बसला. रविवारी ते सायकल हातात धरून ती पायवाट मोजून आले. सोमवारी शाळेत बघतो तर गुरुजी वही उघडून बसलेले.

“सहा चिंचोके अन् चाळीस फेरे,” ते म्हणाले. “दीडला शंभर मीटर कमी पडून राहिले.”

“मग दीडच्या वर लिहा की! कोण बघायला येतंय?”

गुरुजी असे काही उसळले की हेडमास्तर खोलीबाहेर आले. “खोटं लिहू? माझ्या बहिणीसाठी खोटा आकडा लिहू? मग त्या खात्यात अन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?”

मी म्हणालो, “मग बसा तुमचा खरा आकडा कुरवाळत आणि अक्काला आणू द्या पाणी!” आम्ही चार दिवस बोललो नाही. खरं सांगतो, मला त्यांची चीड आली होती आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघवतही नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळच्या शाळेत शेजारच्या वर्गातला आवाज एकदम बंद झाला. मग गुरुजीच माझ्या दारात. चेहरा भूत बघितल्यासारखा, हातात खडूचा तुकडा.

“मास्तर, उजव्या खिशात खडू टाकला. तो विजारीच्या पायातून खाली आला.”

मला आधी कळेना. मग कळलं. उजवा खिसा फाटका होता! ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्याचे दगड नापास केले, त्यानं स्वतःचा खिसा तपासला नव्हता. आम्ही भर तासाला पोरं सोडून सायकली काढल्या. पायवाटेवर वाकून वाकून शोधलं. ओढ्याच्या उताराला एक चिंचोका सापडला, पुढं बाभळीखाली दुसरा. गुरुजींनी ते धोतऱ्याच्या पानावर ठेवून मला दाखवले आणि लगेच म्हणाले, “पण ह्याला पुरावा म्हणता येणार न्हाई. चिंचोके कुणाचेबी असू शकतात. साहेबाला आणू.”

साहेबाला आणायला सात पत्रं आणि तालुक्याच्या चार खेपा लागल्या. शेवटी एक तरुण साहेब जीपमधून वस्तीवर आला. खाली उतरायची त्याची तयारी नव्हती.

“गुरुजी, अंतर कागदावर आलेलं आहे.”

“कागदावर आलंय. घागर घेऊन आलंय का?” गुरुजी गरजले. “उतरा खाली. फेरे तुम्ही मोजा. माझ्यावर इस्वास ठेवू नका.”

गुरुजींनी सायकल हातात धरली, साहेब चिंधीवर नजर ठेवून मोजायला लागला. वस्ती पाठीमागं निघाली. ऊन असं की साहेबाच्या बुटातून धूर निघेल असं वाटावं. ओढ्याच्या वळणावर साहेबानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, “तीनशे सत्तर... की तीनशे ऐंशी?”

“पहिल्यापासून!” गुरुजींनी सायकल फिरवली.

“अहो, दहाचाच फरक...”

“पहिल्यापासून!”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबाला परत वस्तीपर्यंत यावं लागलं आणि पुन्हा एकपासून मोजावं लागलं. आठशे चाळीस फेरे भरले. पावणेदोन किलोमीटरच्याही वर. साहेबानं सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली, तेव्हा त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. रागानं की उन्हानं, ते त्यालाच माहीत.

आठ दिवसांनी टँकर आला. आम्ही लिंबाखाली उभे होतो. बायका, पोरं, घागरी, बादल्या, डबे, एकच गलका. मी म्हणालो, “गुरुजी, आता तरी चला की आत.” ते म्हणाले, “आपलं काम मोजायचं. ते झालं.” आणि सायकल वळवायला लागले. इतका संताप आला मला! सायकलचं कॅरिअर धरून ठेवावं असं वाटलं, आणि मी धरलंच.

तेवढ्यात सोनाक्का गर्दीतून बाहेर आली. पाण्यानं लुगडं भिजलेलं. गुरुजींकडे न बघता ती मला म्हणाली, “मास्तर, त्याला म्हणावं, रस्ता मोजून झाला असंल तर घरात ये. पाणी आलंय.”

मी निरोप सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. गुरुजींनी सायकल स्टँडला लावली, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा मी लावली.

आत अंधारी खोली. अक्कानं दोघांना एकेक तांब्या दिला. मी एक घोट घेतला. पत्र्याच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी ते, चहा टाकता आला असता, वर गंजाचा वास. मी तांब्या हळूच खाली ठेवला. गुरुजी मात्र खाली मान घालून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

“कसं हाय पाणी?” अक्कानं चुलीकडे बघत विचारलं.

“गार हाय, अक्का,” गुरुजी म्हणाले. “लई गार हाय.”

अक्कानं त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पुन्हा भरून आणला.