हात धुवा आणि पंख धरा

"हात धुवा आणि हा पंख धरा," हे डॉक्टर बिवलकरबाईंचे आम्हा नवरा-बायकोला उद्देशून काढलेले पहिले उद्गार.

विम्याच्या नोकरीत माझी जयपूरला बदली झाली होती. राजा पार्कात तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. वर एक मराठी डॉक्टरीणबाई राहतात असं घरमालकाने सांगितलं, तेव्हा कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, माहेर सापडल्याचा आनंद झाला. परमुलखात मराठी माणूस भेटला की आपल्याला उगीचच भरून येतं. तोच माणूस साताऱ्यात शेजारी असता तर नळावरून भांडलो असतो. तर कमलने वाटीभर चिवडा घेतला, मी इस्त्रीचा सदरा घातला आणि आम्ही ओळख करून घ्यायला वर गेलो.

दार उघडं होतं. टेबलापाशी पांढरा एप्रन घातलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. नाकावर चष्मा, हातात शस्त्रक्रियेचा चिमटा. आमच्याकडे न बघताच त्यांनी ते वाक्य उच्चारलं. सरकारी इस्पितळात बायकांची बाळंतपणं करणारी ही बाई. टेबलावर कुणाला आडवं पाडलंय, या भीतीने कमलने माझा दंड धरला. टेबलावर विमान होतं. प्लास्टिकचं, हातभर लांबीचं, चार इंजिनांचं, एक पंख अजून बाजूला पडलेला.

मी हात धुऊन आलो आणि पंख धरला. "श्वास दुसरीकडे सोडा," बाई म्हणाल्या. चिवड्याची वाटी हातात घेऊन कमल अवघडून उभी होती. डिंक वाळेपर्यंत मी पंख धरून उभा राहिलो. मग बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोण तुम्ही?"

असे आम्ही शेजारी झालो.

विलायतेत त्या काळी प्लास्टिकच्या विमानांची खोकी मिळत. आत बारीकबारीक भाग, नळीत डिंक, आणि कुठला भाग कुठे चिकटवायचा त्याचा नकाशा. तिकडे पोरंटोरं सुटीच्या दिवशी हा उद्योग करत असावीत. बाई मात्र तो शस्त्रक्रियेसारखा करत. सगळे भाग प्लास्टिकच्या काड्यांना चिकटून येत. त्या काडीला त्या 'नाळ' म्हणत आणि धारदार पात्याने अशी कापत की जोड शोधून सापडू नये. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले की ते सुटू नयेत म्हणून टाके घालायच्या दोऱ्याने बांधून ठेवत. रंगाची कुंचली शहरातल्या एका चितारी घराण्याकडून आणलेली, खारीच्या शेपटीच्या केसांची. जिने कृष्णाच्या पापण्या रंगवायच्या, तिने बाई विमानाच्या खिडक्यांच्या कडा रंगवत.

"पेशंट कसाय?" मी जिन्यात विचारायचो.

"डावं चाक बसत नाहीये. उद्या पुन्हा उघडावं लागेल."

हा संवाद घरमालकाच्या म्हाताऱ्या आईने एकदा ऐकला आणि संध्याकाळपर्यंत 'बिचाऱ्या'च्या प्रकृतीसाठी प्रसाद वर पाठवला. बाईंनी तो खाल्ला आणि प्रकृती सुधारल्याचं कळवलं.

"तुम्हाला हा नाद लागला तरी कसा?" असं कमलने एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "इथे रक्त नाही, रडणं नाही आणि बाहेर बसलेली सासू नाही. दिवसभर मी आत घामाघूम होते आणि बाहेर आले की एकच प्रश्न, 'छोरो हुयो क छोरी?' बाई जिवंत आहे का, हे कुणी विचारत नाही. विमानाला हे विचारायला कुणी येत नाही." हे उत्तर आम्हाला पटलं. आम्ही पुढे आणखी काही विचारलं नाही. माणूस फटकळ असला की तो सगळं सांगून टाकतो, अशी आपली एक समजूत असते.

बाईंच्या या नादापायी सगळ्या इमारतीने पथ्य पाळावं अशी त्यांची अपेक्षा होती. विमानाला रंग दिला की तो वाळेपर्यंत जिन्यात झाडू मारायचा नाही, गच्चीवर गाद्या झटकायच्या नाहीत. जयपुरात उन्हाळ्यात आंधी येते तेव्हा अर्धं वाळवंट घरात येऊन बसतं. अशा एका दुपारी बाईंनी आम्हाला दोघांना वर बोलावून खिडकीला ओली चादर धरून उभं केलं होतं. खाली आमच्या स्वतःच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. रात्री भातात वाळू लागली. विमान मात्र आरशासारखं निघालं, त्याबद्दल कुणी वाद घालू नये.

बंदुकीच्या छर्ऱ्यांची गोष्ट तर सांगायलाच हवी. काही विमानांच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ती चाकांवर उभी न राहता शेपटीवर बसतात. वजन कशाचं भरावं या विवंचनेत बाई असताना एक ठाकूरसाहेब आले. भरघोस मिशा, साफा, दाराशी जीप. त्यांच्या सुनेला बाईंनी मरणाच्या दारातून ओढून आणली होती.

"डॉक्टरनीजी, हुकुम कीजिए. क्या सेवा करूँ?"

"छर्रे चाहिए," बाई म्हणाल्या. "थोडे से."

ठाकूरसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "आप छर्रों की तकलीफ़ क्यों करती हैं? आप बस नाम बताइए. बाक़ी हम देख लेंगे."

त्यांची समजूत घालायला बराच वेळ लागला. विमानाच्या नाकात छर्रे भरणार, हे ऐकल्यावर तर त्यांना वाटलं की बाई काहीतरी लपवताहेत. जाताना त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली त्यावरून ते नाव माझंच असावं असा त्यांचा संशय झालेला दिसला. पुढे कित्येक महिने ते दिसले की मी आपणहून नमस्कार करायचो.

मराठी मंडळाने बाईंना माणसांत आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चिटणीस त्यांना 'आदर्श माता' या विषयावर बोलायला बोलवायला आले. "त्या दिवशी रंगाचा दुसरा हात आहे," बाई म्हणाल्या. मग मंडळातल्या बायकांनी वनखात्यातल्या एका विधुर अधिकाऱ्याचं स्थळ काढलं. गृहस्थ चहाला आले. बाईंनी त्यांना हात धुवायला लावून शेपटाचा तुकडा धरायला दिला. गृहस्थांचा हात थरथरला. चहा होईपर्यंत प्रकरण मिटलं होतं. "वाघ मारतात म्हणे," बाई मागाहून म्हणाल्या. "वाघ फारच मोठा असणार."

दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, त्यात विमानं ओळीने मांडलेली. दर दिवाळीच्या सुमारास विलायतेहून एक खोकं येई आणि कपाटात एक विमान वाढे. खोकी नंदू पाठवायचा. नंदू हा बाईंचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, बाईंनीच त्याला वाढवला. बाईंना स्वतःला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जायची संधी आली होती, पण दोघांपैकी एकालाच जाता येण्यासारखं होतं. नंदू इंजिनियर होऊन तिकडे गेला तो तिकडचाच झाला. हे कमलने थोडंथोडं करून काढून घेतलं. मी म्हटलं, "भाऊ गुणी आहे हो. बहिणीचा नाद ओळखून दरवर्षी आठवणीने पाठवतो." कमल नुसतंच "हं" म्हणाली. तिच्या 'हं'ला मी तेव्हा फारशी किंमत देत नसे.

एका भाऊबीजेला आम्ही फराळाचं ताट घेऊन वर गेलो. दार नेहमीसारखंच उघडं होतं. जमिनीवर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर यंदाचं नवंकोरं विमान. त्याच्या नाकाला कुंकू लावलेलं होतं. रेशमी लुगडं नेसलेल्या बाई समोर बसून त्याला निरांजनाने ओवाळत होत्या.

मला हसू आलं. ते दाबताना घशातून आवाज निघाला, बाईंनी दचकून वळून बघितलं, आणि हातातलं ताट जागच्या जागी, पंखाच्या खालीच थांबलं. प्लास्टिक ते, निरांजनावर किती टिकणार? आमच्या डोळ्यांदेखत तो पंख वाकून खाली आला.

बाईंनी ताट सावकाश जमिनीवर ठेवलं.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला पाटावर जे येतं, त्यालाच ओवाळायचं असतं. माझ्याकडे हे येतं."

कमल खाली बसली आणि बाईंचा हात हातात घेतला. बाईंनी तो काढून घेतला नाही, हीच मोठी गोष्ट. मला त्या क्षणी त्या कपाटाचा राग आला. इतकी वर्षं आम्ही ज्याला हौस समजत होतो, ते न आलेल्या दिवाळ्यांचं कपाट होतं.

त्या हिवाळ्यात तार आली. नंदू कामासाठी दिल्लीला येत होता आणि दोन दिवस जयपूरला उतरणार होता. बाईंनी तार वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "विमेवाले, सांगानेरला किती वाजता निघायचं?" विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. बाई सकाळीच तयार होऊन बसल्या. ठाकूरसाहेबांनी जीप पाठवली.

सांगानेरच्या विमानतळावर आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. विमान उतरलं, धूळ उडवत जवळ आलं. मी उत्साहाने म्हटलं, "बाई, अगदी तुमच्या कपाटातल्यासारखंच आहे हो."

"कुठलं?" बाई म्हणाल्या. त्यांनी विमानाकडे बघितलंच नव्हतं. त्या त्याच्या दाराकडे बघत होत्या.

नंदू उतरला. टक्कल पडू लागलेला, गोरटेला, हातावर ओव्हरकोट आणि काखेत भलंमोठं खोकं. त्या खोक्यामुळे त्याला बहिणीला धड वाकून नमस्कारही करता येईना. बाईंनी ते खोकं त्याच्या काखेतून ओढून काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. "धरा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, पेशंटचा ताप बघतात तसं.

संध्याकाळी वरती पाट मांडला. कमल दबकत म्हणाली, "बाई, पौष चालू आहे. भाऊबीज होऊन..."

"पंचांग बघून बाळंतपणं होत नाहीत," बाई म्हणाल्या. "भाऊ आला की बीज."

त्यांनी नंदूला ओवाळलं. नंदूने ते खोकं ताटात ठेवायला घेतलं. ते ताटात मावेना, म्हणून त्याने ते बाईंच्या मांडीवर ठेवलं. "ताई, सगळ्यात मोठं शोधून आणलंय. यात आतल्या खुर्च्यासुद्धा आहेत."

बाई खोक्यावरच्या चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी रिकाम्या हाताने ये."

"का गं? तुला आवडतात ना विमानं?"

"मला? मी आयुष्यात कधी विमानाकडे मान वर करून बघितलं नाही. तू पाठवायचास आणि पत्रात विचारायचास, जोडलंस का, फोटो पाठव. न जोडून करते काय?"

नंदूचा चेहरा उतरला. "तुझ्या पत्रात विमानाशिवाय दुसरं काही नसायचं, ताई. मला वाटायचं, तू त्यातच रमली आहेस. मी आलो नाही तरी..."

"तुझ्या पत्रात तरी दुसरं काय असायचं?"

मला खाली जावंसं वाटत होतं, पण मधे पाट होता.

"येईन," नंदू शेवटी म्हणाला. "भाऊबीजेला येईन. रिकाम्या हाताने."

तो दोन दिवस राहिला आणि गेला. ते खोकं बाईंनी उघडलं नाही. एप्रन खिळ्याला लटकला. जिन्यात झाडू मारायला मोकळीक झाली, गच्चीवर गाद्या पडू लागल्या आणि इमारतीत कुणालाच करमेना.

पुढची दिवाळी आली. विलायतेहून पार्सल आलं नाही. ना पत्र, ना तार. कमल आणि मी आपसांत कुजबुजत होतो, पण बाई खुशीत होत्या. "अहो, पार्सल नाही म्हणजे तो येतोय," त्या आम्हाला समजावून सांगायच्या. "मीच सांगितलंय ना, रिकाम्या हाताने ये म्हणून." विम्याच्या धंद्यात माणसं न घडणाऱ्या गोष्टींची धास्ती घेऊन येतात. घडणार म्हणून इतक्या विश्वासाने बसलेलं माणूस माझ्या बघण्यात नव्हतं.

भाऊबीजेच्या दिवशी बाई दुपारीच घरी आल्या. पाट, रांगोळी, तबक, सगळं मांडलं. दुपारचं दिल्लीचं विमान येऊन गेलेलं होतं. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ऊन कलल्यावर बाई ताट घेऊन गच्चीवर गेल्या, कारण तिथून रस्ता दिसतो. आम्हीही मागोमाग गेलो. मावळतीला बीजेची बारीक कोर आली होती.

कमल हळूच म्हणाली, "बाई, भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात. हा काही फार वेळ थांबायचा नाही. ओवाळून घ्या."

"नको," बाई म्हणाल्या. "त्याला ओवाळलं की नंदू आला नाही असं होतं."

त्यांनी वाऱ्याने विझू नये म्हणून निरांजनाला हाताचा आडोसा केला आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने कोर मावळली. खाली एक टांगा येऊन आमच्या दारावरून पुढे गेला. बाई तशाच उभ्या होत्या, आणि त्यांना तिथे एकटं सोडून खाली जाणं आम्हाला काही जमलं नाही.